कैद्याचे ताट : काय वाढायचे आणि कोणी रांधायचे?

१/ मराठीत आपण एखाद्याला 'तुरुंगाची हवा खायला' पाठवतो. पण त्या हवेबरोबर तिथे खायला काय मिळत असे? ते कोण शिजवत असे? आणि ते खाऊन माणसे जगत होती की मरत होती? भारतातील तुरुंगांच्या इतिहासात बेड्या, फाशी आणि कोठड्या यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. ताटाविषयी फार थोडे. आजचा दीर्घ धागा त्या ताटाविषयी आहे. काळ साधारण १८३५ पासून २०२४ पर्यंतचा.

२/ बाहेरच्या माणसाला नासके धान्य परत करता येते, दुसऱ्या वाण्याकडे जाता येते, शेजाऱ्याकडे पसाभर उसने मागता येते. कैद्याला यांपैकी काहीच शक्य नसते. म्हणून त्याच्या ताटाची जबाबदारी सर्वस्वी राज्यसंस्थेवर येऊन पडते. या जबाबदारीतून दोन प्रश्न उभे राहिले. पहिला : ताटात काय आणि किती असावे? दुसरा : ते कोणी रांधावे? पहिल्याचे उत्तर तराजू, मृत्यूच्या नोंदी आणि रसायनशास्त्र यांनी दिले. दुसऱ्याचे उत्तर जातीने दिले, आणि ते उत्तर बदलायला २०२४ साल उजाडावे लागले.

३/ ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या काळात बंगाल इलाख्यातील अनेक तुरुंगांत स्वयंपाकघर अशी गोष्टच नव्हती. कैद्याला दररोज काही पैसे भत्ता किंवा कोरडा शिधा मिळे. पैसे मिळाले तर तो तुरुंगात येणाऱ्या वाण्याकडून पीठ, डाळ, मीठ घेई, स्वतःची छोटी चूल मांडी आणि स्वतःच्या हाताने शिजवून खाई. एका तुरुंगात एकाच वेळी शेकडो चुली पेटत. अधिकाऱ्यांच्या नजरेने हा सारा गोंधळ होता. कैद्याच्या दृष्टीने मात्र आपल्या जगाचा तेवढाच तुकडा त्याच्या हाती उरलेला होता.

४/ डिसेंबर १८३५ मध्ये थॉमस मेकॉले यांनी तुरुंगांच्या अवस्थेची चौकशी करण्याची सूचना मांडली. शिक्षणविषयक टिपणासाठी आपल्याला ठाऊक असलेले मेकॉले ते हेच. त्यानुसार १८३६ मध्ये समिती नेमली गेली आणि १८३८ मध्ये 'प्रिझन डिसिप्लिन कमिटी'चा अहवाल आला. समितीचे म्हणणे असे की, हे तुरुंग फार सैल आहेत. कैद्याच्या हातात पैसा खेळतो, तो बाजारहाट करतो, दिवसाचा मोठा भाग स्वयंपाकात घालवतो. हे थांबवून पैशांऐवजी ठरावीक अन्न द्यावे आणि सर्वांचा स्वयंपाक एकत्र व्हावा.

५/ या विचारामागे त्या काळच्या इंग्लंडमधील एक तत्त्व होते. १८३४ च्या तेथील गरिबांविषयीच्या कायद्याने ते रूढ केले होते : सरकारच्या आश्रयाला असलेल्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब श्रमिकापेक्षा चांगली असता कामा नये. तुरुंगाला हा नियम लावला की अन्न हा शिक्षेचाच भाग होतो. पोट भरावे, पण समाधान होऊ नये. मग प्रश्न असा की, बाहेरचा श्रमिकच उपाशी असेल तर कैद्याला काय द्यायचे? या प्रश्नाने पुढे प्रशासनाला चांगलेच अडचणीत आणले. त्याकडे वळण्यापूर्वी चुलीचे काय झाले ते पाहू.

६/ १८४० च्या दशकात बंगाल इलाख्यातील तुरुंगांत सामाईक स्वयंपाक सुरू होऊ लागला. आदेश निघताच विरोध पेटला. कोणाच्या हातचे पाणी आणि शिजलेले अन्न चालते, यावर त्या समाजात माणसाचे स्थान ठरत असे. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला जातीत परत घ्यायचे की नाही, हा निर्णय जातपंचायत करी. परक्या हातचा भात खाल्लेला माणूस शिक्षा भोगून आला तरी घरच्या पंगतीला मुकण्याची भीती होती. म्हणजे दोन वर्षांची कैद आयुष्यभराची होऊ शकत होती.

७/ बिहारमधील तुरुंगांत या प्रश्नावरून दंगे झाले. कैद्यांनी अन्न नाकारले, पहारेकऱ्यांशी झटापटी केल्या. बाहेरचे नगरवासीही कैद्यांच्या बाजूने गोळा होऊ लागले, याने अधिकारी अधिक धास्तावले. चोरी-दरोड्याच्या कैद्यांविषयी गावाला एरवी ममत्व वाटण्याचे कारण नव्हते. पण सरकार आज तुरुंगात जे करते ते उद्या आपल्या घरात करील, ही शंका खरी होती. तुरुंगाची भिंत त्या काळी आपण समजतो तितकी बंद नव्हती.

८/ अखेर प्रशासनाने मधला मार्ग काढला. स्वयंपाक सामाईक राहील, पण पंगती जातीनुसार वेगळ्या आणि रांधणारे हात 'वरच्या' जातीचे, शक्यतो ब्राह्मण कैद्यांचे असतील. ब्राह्मणाच्या हातचे सर्वांना चालते, हे गणित अधिकाऱ्यांना सोयीचे वाटले. खर्च वाचला, दंगे शमले. पण याच तडजोडीने एक गोष्ट घडवली. जी प्रथा समाजात होती आणि ठिकठिकाणी बदलती होती, ती सरकारी नियमात लिहिली गेली. स्वयंपाकघर 'वरच्यां'साठी, तर शौचकूप आणि झाडू 'खालच्यां'साठी. धाग्यात पुढे ही तडजोड पुन्हा भेटेल.

९/ १८५५ मध्ये आरा आणि मुझफ्फरपूर येथे भांड्यावरून भडका उडाला. कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्याचा आदेश निघाला. सुरक्षेच्या दृष्टीने अधिकाऱ्यांचा मुद्दा समजण्यासारखा होता, कारण जड पितळी लोटा हे शस्त्रही होऊ शकते. पण पितळ राखेने घासले की शुद्ध होते. मातीचे भांडे एकदा विटाळले की टाकूनच द्यावे लागते. शौचाला नेलेले तेच मातीचे भांडे पिण्यासाठी कसे वापरायचे? मुझफ्फरपुरात नगरवासी आणि शेतकरी मोठ्या संख्येने जमले आणि अधिकाऱ्यांना पितळी लोटे परत द्यावे लागले.

१०/ या घटनांकडे केवळ 'जातीय हट्ट' म्हणून पाहणे अपुरे ठरेल, आणि केवळ 'साम्राज्यविरोधी लढा' म्हणणेही. त्यात दोन्ही होते. स्वच्छ भांडे आणि विश्वासाचे अन्न मागण्याचा अधिकार कैदी सांगत होते. त्याच मागणीत दुसऱ्या कैद्याच्या हाताला अपवित्र ठरवण्याचा आग्रहही होता. दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, पिठात हाडांचा चुरा मिसळल्याच्या अफवा उत्तर भारतात पसरल्या आणि गावोगावचे तुरुंग फोडले गेले. सरकारी अन्नाविषयीचा अविश्वास तोवर चांगलाच मुरलेला होता.

११/ आता पहिल्या प्रश्नाकडे वळू : काय आणि किती? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भारतीय तुरुंगांतील मृत्यूचे प्रमाण भयावह होते. आमांश, अतिसार, कॉलरा आणि स्कर्वी ही नेहमीची कारणे. स्कर्वी म्हणजे ताज्या भाज्या-फळांच्या अभावाने होणारा रोग. हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. दूषित पाणी, गर्दी आणि निकृष्ट धान्य यांची त्यात भर. पण तुरुंगात एक गोष्ट होती जी गावात नव्हती : प्रत्येक मृत्यूची नोंद. नोंद झाली की तुलना होते, आणि तुलना झाली की जाब विचारता येतो.

१२/ मद्रास इलाख्यातील विल्यम कॉर्निश या डॉक्टरांनी ही तुलना मनावर घेतली. १८६३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. विषय होता मद्रास इलाख्यातील लोकांचा आहार आणि जिल्हा तुरुंगांतील कैद्यांचा आहार. सामान्य रयत काय खाते हे पाहिल्याशिवाय कैद्याला काय द्यावे हे ठरवता येणार नाही, अशी त्यांची दिशा होती. नाचणी, ज्वारी, डाळ, चिंच, भाजी यांचा हिशेब करणारा हा सरकारी कागद भारतीय आहारशास्त्राच्या आरंभीच्या दस्तऐवजांपैकी एक आहे.

१३/ चौदा वर्षांनी या अभ्यासाला धार आली. १८७६-७८ चा महादुष्काळ. दख्खन आणि मद्रास होरपळत होते. सर रिचर्ड टेंपल यांना केंद्र सरकारने खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी दुष्काळी भागात पाठवले. याआधी १८७३-७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च केल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली होती. या वेळी त्यांनी उलटे टोक गाठले. १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामांवरच्या मजुराच्या मजुरीतील धान्याचा भाग दिवसाला एक पौंडापर्यंत, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमपर्यंत, खाली आणला. कामे कोणती? खडी फोडणे, माती वाहणे.

१४/ मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या अटींवर कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. दुष्काळाची माहिती गोळा करून ती सरकारपुढे सातत्याने मांडली. मद्रासमध्ये कॉर्निश आता सॅनिटरी कमिशनर होते. त्यांनी टेंपल यांच्याशी उघड वाद घातला, आणि त्यांचे हत्यार होते तुरुंगाचा आहारतक्ता. सक्तमजुरीच्या कैद्याला जगवण्यासाठी किती अन्न लागते हे सरकारनेच मोजून ठेवले आहे. मग कोणताही गुन्हा न केलेल्या मजुराला, तितक्याच कष्टासाठी, त्याहून कमी कसे देता?

१५/ या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्याच वर्षी मद्रास सरकारने मजुरांचे प्रमाण वाढवले. पण तोवर लाखो माणसे दगावली होती. दुष्काळात तुरुंगही भरत गेले. उपाशी माणूस मूठभर धान्य चोरतो आणि आत जातो. येताना तो इतका खंगलेला असे की तुरुंगातील मृत्यूही वाढले. आठवते ना ते तत्त्व : कैद्याची स्थिती बाहेरच्या गरिबापेक्षा बरी नसावी? १८७७ ने दाखवून दिले की माणूस जगवायचा असेल तर हे तत्त्व पाळताच येत नाही. बाहेरची पातळीच मृत्यूच्या रेषेखाली गेलेली होती.

१६/ १८९४ च्या प्रिझन्स ॲक्टमध्ये या साऱ्या अनुभवाचे पडसाद आहेत. श्रम करणाऱ्या प्रत्येक कैद्याचे वजन दर पंधरवड्याला किमान एकदा नोंदवावे, असे तो सांगतो. वजन घटले तर अन्न किंवा काम यांत काहीतरी चुकते आहे, हे कळण्याची ती साधी आणि शहाणी युक्ती होती. पण हाच कायदा अन्नकपातीला शिक्षा म्हणूनही मान्यता देतो. मर्यादा एवढीच की ती सलग ९६ तासांपेक्षा अधिक नसावी आणि पुन्हा द्यायची तर मध्ये किमान आठवडा जावा. एका कलमात तराजू, दुसऱ्यात उपासमार. कच्च्या कैद्यांना मात्र बाहेरून अन्न मागवण्याची मुभा होती. अर्थात, ज्यांना परवडेल त्यांना.

१७/ याच सुमारास समुद्रापलीकडे, डच सत्तेखालील जावा बेटावर, तुरुंगाच्या भाताने वैद्यकशास्त्राला कलाटणी दिली. तेथे बेरीबेरी या रोगाने माणसे लुळी पडत. क्रिस्तियान आइकमान यांना कोंबड्यांवरील निरीक्षणांतून पॉलिश केलेल्या तांदळाचा संशय आला. त्यांचे सहकारी आडोल्फ फोर्डरमन यांनी सुमारे शंभर तुरुंगांतील नोंदी तपासल्या आणि १८९७ मध्ये निष्कर्ष मांडला. कोंडा राखलेला तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांत एखाद्याला बेरीबेरी. पांढराशुभ्र तांदूळ मिळणाऱ्यांत ३९ पैकी एकाला. जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट या नोंदवह्यांतून गेली. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१८/ भारतातही तुरुंग ही आहाराची प्रयोगशाळा झाली. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या डेव्हिड मॅके यांनी १९१० मध्ये बंगालच्या तुरुंगांतील आहारावरचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की भाताचा ढीग वाढला म्हणून पोषण वाढत नाही. भाताच्या अति आकारमानामुळे त्यातील आणि डाळीतील प्रथिने शरीरात नीट शोषली जात नाहीत. भात थोडा कमी केला की शोषण सुधारते. निष्कर्ष उपयुक्त होता. पण पुढे त्यांनी त्यावरून भातखाऊ बंगाली दुबळे आणि गहू खाणारे उत्तरेकडील लोक लढवय्ये, असा वंशवादी डोलारा उभा केला.

१९/ येथे क्षणभर थांबायला हवे. या प्रयोगांना कैदीच का? कारण तो पळून जाऊ शकत नाही, त्याचे अन्न मोजून देता येते, त्याचे वजन घेता येते, आणि त्याची संमती कोणी विचारत नाही. आज आपण ज्या पोषणज्ञानाचा सहज लाभ घेतो, त्यातील काही भाग अशा माणसांच्या शरीरांवरून आलेला आहे. त्यांची नावे त्या अहवालांत नाहीत. तिथे आहेत फक्त क्रमांक, पौंड आणि औंस.

२०/ विसाव्या शतकात तुरुंगात नवा कैदी आला : शिकलेला, लिहिता, ज्याच्या प्रकृतीची बातमी वृत्तपत्रात छापून येते असा. लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली तेव्हा तुरुंगाच्या अन्नाने त्यांचे वजन झपाट्याने घटले. १९०८ ते १९१४ या मंडालेच्या वास्तव्यात मात्र त्यांच्यासाठी स्वयंपाकी म्हणून कुलकर्णी आडनावाचा एक ब्राह्मण कैदी देण्यात आला. मधुमेही माणसाला पथ्याचे अन्न मिळाले हे योग्यच. पण सवलतीचे रूप पाहा. सरकारने अन्न सुधारले ते प्रतिष्ठित कैद्याला सजातीय स्वयंपाकी देऊन. १८४० च्या दशकातील तडजोड अजून जिवंत होती.

२१/ ज्यांना अशी सवलत नव्हती त्यांचे काय? अंदमानच्या सेल्युलर जेलमधील राजबंद्यांच्या आठवणी वाचाव्यात. सावरकरांचे 'माझी जन्मठेप' असो वा बारींद्रकुमार घोष यांचे लेखन, दोन्हींत पातळ कांजी, अर्धवट भाजलेल्या भाकऱ्या आणि तोंडात न घालवणारी भाजी पुन्हा पुन्हा येते. कोलू ओढून तेल काढण्याचे काम आणि वर हे अन्न. या वर्णनांचे ऐतिहासिक मोल असे की, प्रथमच ताटासमोर बसलेला माणूस स्वतः बोलत होता. तोवर आपल्याकडे फक्त ताट मोजणाऱ्यांचे कागद होते.

२२/ १९२९. लाहोर कट खटल्यातील भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी १५ जूनपासून उपोषण सुरू केले. मागण्यांत चांगले अन्न अग्रभागी होते; त्याबरोबर पुस्तके, वृत्तपत्रे आणि राजकीय कैदी म्हणून वागणूक. भारतीय तुरुंगांत युरोपीय कैद्याला वेगळा, उत्तम आहार मिळे, ही विषमता सर्वांना दिसत होती. १३ जुलैला जतींद्रनाथ दास उपोषणात सामील झाले. बळजबरीने अन्न भरवण्याच्या प्रयत्नात त्यांच्या फुप्फुसांना इजा झाली. १३ सप्टेंबर १९२९ रोजी, ६३ व्या दिवशी, त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव रेल्वेने कलकत्त्याला नेले तेव्हा वाटेत ठिकठिकाणी प्रचंड गर्दी लोटली.

२३/ सरकारला पाऊल उचलावे लागले. १९३० मध्ये कैद्यांचे अ, ब आणि क असे वर्ग करण्यात आले. वरकरणी वंशभेद गेला. पण वर्ग ठरवण्याचा निकष काय? सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमानाची सवय. ज्याला घरी चांगले खायची सवय त्याला तुरुंगातही चांगले. ज्याला घरी कोरडी भाकरी त्याला तुरुंगात तीच. बहुसंख्य कैदी 'क' वर्गातच राहिले. ज्या लढ्यात एका तरुणाचे प्राण गेले त्याचे फळ बरेचसे वरच्या थरातच अडकले.

२४/ चार वर्षांनी अंदमानात पुन्हा तोच प्रसंग. मे १९३३ मध्ये सेल्युलर जेलमधील राजबंद्यांनी अन्न, प्रकाश, वाचन या मागण्यांसाठी उपोषण केले. नळीने बळजबरीने दूध घालण्याच्या प्रकारांत महावीर सिंग, मोहनकिशोर नामदास आणि मोहित मोइत्रा यांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर काही सुधारणा झाल्या. एक गोष्ट मनात ठेवावी : समित्यांचे अहवाल वर्षानुवर्षे धूळ खात असताना ताटात जो फरक पडला, तो बऱ्याचदा कोणीतरी ते ताट दूर सारल्यावर पडला.

२५/ स्वातंत्र्यानंतर तुरुंग हा राज्यांचा विषय राहिला. १९६० चे आदर्श कारागृह नियमपुस्तक, १९८०-८३ ची न्यायमूर्ती मुल्ला समिती, पुढे २००३ आणि २०१६ ची नवी नियमपुस्तके : कागदावर भाषा 'शिधा' या शब्दाकडून 'पोषण' या शब्दाकडे सरकली. १९९६ मध्ये राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या प्रमुख समस्यांत निकृष्ट अन्नाचा समावेश केला. २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांच्या स्वतंत्र आहाराविषयी निर्देश दिले. तोवर ते मूल आईच्या ताटातले दोन घास, एवढेच होते.

२६/ आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांविषयीचे सुधारित किमान नियम स्वीकारले. त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव आहे. पौष्टिक, आरोग्यदायी, नीट शिजवलेले अन्न आणि केव्हाही पिण्याचे पाणी हा कैद्याचा हक्क, आणि अन्नपाण्यात कपात करून शिक्षा करण्यास मनाई. हे नाव समर्पकच. मंडेला यांच्या रॉबेन बेटावर आहारतक्ता वर्णानुसार वेगळा होता. भारतीय आणि मिश्रवर्णीय कैद्यांना पाव मिळे, आफ्रिकी कैद्यांना तो नाकारला जाई. तिथे ताट वर्णाने विभागले होते. आपल्याकडे स्वयंपाकघर जातीने.

२७/ आणि ते तसेच विभागलेले राहिले. स्वतंत्र भारतातील राज्यांच्या कारागृह नियमपुस्तकांत वसाहतकाळाचे नियम उतरत गेले. राजस्थानच्या १९५१ च्या नियमांत ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू कैदी स्वयंपाकी होण्यास पात्र होता. सध्याच्या स्वयंपाक्यांच्या हातचे उच्च जातीमुळे ज्याला चालत नाही, त्यालाच सर्वांसाठी स्वयंपाकी नेमावे, असेही त्यात होते. पश्चिम बंगालच्या नियमांत स्वयंपाकी 'योग्य' जातीचा हवा आणि सफाईसाठी ठरावीक जाती नावानिशी सांगितलेल्या. १८४० च्या दशकातील ती तडजोड शतक उलटून गेल्यावरही नियम म्हणून छापली जात होती.

२८/ पत्रकार सुकन्या शांता यांनी या नियमांचा आणि तुरुंगातील प्रत्यक्ष व्यवहाराचा शोध घेऊन २०२० मध्ये लेखन केले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जे. बी. पारदीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या पीठाने निकाल दिला. जातीवर आधारित कामवाटप आणि विभागणी करणारे हे नियम घटनाबाह्य ठरले. समता, भेदभावास बंदी, अस्पृश्यता निर्मूलन, जीविताचा हक्क आणि वेठबिगारीस बंदी या मूलभूत हक्कांचा आधार न्यायालयाने घेतला.

२९/ न्यायालयाने राज्यांना तीन महिन्यांत नियमपुस्तके सुधारण्यास सांगितले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस केंद्रीय गृहमंत्रालयाने आदर्श नियमपुस्तकात त्यानुसार बदल केले. रकान्याची गोष्ट महत्त्वाची आहे. हाच धागा आपण नोंदवहीच्या उपकारापासून सुरू केला होता : मृत्यूची नोंद झाली म्हणून जाब विचारता आला. पण जातीचीही नोंद झाली, आणि त्या नोंदीवरून कोणाच्या हाती पळी व कोणाच्या हाती झाडू हे ठरत गेले.

३०/ मग आज ताट सुधारले का? काही ठिकाणी निश्चित. उत्तर प्रदेशातील फतेहगड येथील जिल्हा कारागृहाला २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 'ईट राइट कॅम्पस' उपक्रमात पाच तारे मिळाले. स्वच्छता, साठवण आणि आहाराची गुणवत्ता तपासून हे मानांकन देतात. पण २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती, क्षमतेच्या १३१ टक्के. शंभरांसाठी बांधलेल्या चुलीवर १३१ जणांचे अन्न शिजते तेव्हा पीठ चाळण्याला, भाजी धुण्याला आणि उरलेले नीट झाकण्याला वेळ पुरत नाही. या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी; त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही.

३१/ 'गुन्हेगारांना चांगले अन्न कशाला?' हा प्रश्न या विषयावर हमखास येतो. त्याला इतिहासाचे उत्तर सरळ आहे. शिक्षा स्वातंत्र्य हिरावण्याची असते. अन्न खराब असेल तर तिच्यावर आमांशाची, स्कर्वीची, कधी मृत्यूची जादा शिक्षा चढते, आणि ती कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नसते. शिवाय कैद्याचे ताट हे राज्याने स्वतःसाठी ठरवलेली माणूस जगवण्याची किमान रेषा असते. १८७७ मध्ये मद्रासच्या उपाशी मजुराचा कैवार घेताना कॉर्निश यांना पुरावा सापडला तो तुरुंगाच्या तक्त्यातच.

३२/ आपल्या जिल्ह्यात जुने कारागृह असेल तर त्याचा इतिहास वाचताना एवढे जरूर शोधा : तिथे आहारतक्ता काय होता, वजनाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या का, आणि स्वयंपाक कोणाकडून करवून घेतला जाई. जुने गॅझेटियर, कारागृह विभागाचे वार्षिक अहवाल आणि राजबंद्यांची आत्मचरित्रे यांत ही माहिती विखुरलेली आहे. काही सापडले तर खाली अवश्य लिहा. धागा इथे संपवतो.